पाच मार्कांचे तिकीट

मोटार आणि मी यांचे कधी फारसे जुळले नाही. ज्या वयात मोटारीची हौस असते त्या वयात खिशात पैसे नव्हते, आणि पैसे आले तोवर गुडघे कुरकुरू लागले होते. मोटारीतले मला कळते ते एवढेच की ती पुढे जाते, आणि कधी कधी जात नाही. असे असूनही एका मोटारीवर मी चार पाने लिहायला बसलो आहे, याचे माझ्या घरच्या मंडळींनाही नवल वाटते आहे. पण ही गोष्ट यंत्रापेक्षा एका वचनाची अधिक आहे. ते वचन दिले एकाने, मोडले त्यानेच, आणि पाळले भलत्याच माणसांनी.

या मोटारीची आणि माझी पहिली भेट पुण्यात झाली. १९६० च्या सुमाराची गोष्ट. आमच्या पेठेत एक डॉक्टर राहत. विलायतेहून परतताना त्यांनी एक मोटार आणली होती. पाठ वाटोळी, नाक उतरते, दिव्यांचे डोळे बटबटीत. आम्ही पोरे तिला ‘कासव’ म्हणत असू. एकदा डॉक्टरांनी मला शेजारी बसवून पेट्रोलपंपावर नेले. तिथला पोऱ्या रिवाजाप्रमाणे पाण्याचा डबा घेऊन धावत आला. त्याने पुढचे झाकण उचलले तो आत डॉक्टरांची पेटी आणि एक चाक! पोऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. “साहेब, तुमचं इंजिन कुठं तरी वाटेत पडलं!” असे तो ओरडला. डॉक्टर पोट धरधरून हसले. मग त्यांनी त्याला समजावून सांगितले : या गाडीत सामान पुढे, पेट्रोल पुढे, इंजिन मागे, आणि पाणी कुठेच नाही. ते इंजिन वाऱ्यावरच थंड होते. त्या पोऱ्याचा काही विश्वास बसला नाही. खरे सांगायचे तर माझाही बसला नव्हता.

त्यानंतर साठ-पासष्ट वर्षे गेली. गेल्या उन्हाळ्यात मी मुलीकडे जर्मनीत गेलो होतो. ती आणि जावईबापू ब्राउनश्वाइग या गावी नोकरीला असतात. पहिल्याच सकाळी खिडकी उघडली तो खाली शेजाऱ्याच्या दारात उभे होते कासव! फिकट निळ्या रंगाचे, नुकतीच आंघोळ घातल्यासारखे लखलखीत. क्रमांकाच्या पाटीवर शेवटी ‘एच’ हे अक्षर होते. तीस वर्षे उलटूनही मूळ रूप जपलेल्या गाडीला त्या देशात हे मानाचे अक्षर मिळते, हे मला मागाहून कळले.

गाडीचे मालक ऐंशी ओलांडलेले गृहस्थ. टपालखात्यातून निवृत्त झालेले, ताठ बांध्याचे, बोलायला कमी. त्यांना इंग्रजी बेताचे येई आणि मला जर्मन मुळीच नाही. त्यामुळे आमचा दुभाषी झाला माझा दहा वर्षांचा नातू. त्याने या मोटारीचा ‘हर्बी’ हा अमेरिकन चित्रपट तीनदा पाहिलेला; तेव्हा शेजारच्या आजोबांशी त्याची गट्टी आधीच जमलेली होती. पुढल्या रविवारी त्या गृहस्थांनी आम्हां दोघांना वोल्फ्सबुर्गला न्यायचे ठरवले. अंतर असेल पंचवीस-तीस किलोमीटर. वोल्फ्सबुर्ग म्हणजे या मोटारीचे माहेर.

निघण्यापूर्वी त्यांनी समोरचा कप्पा उघडून एक जुने कार्ड बाहेर काढले. त्यावर रांगेने चौकोन आखलेले होते. निम्म्याहून अधिक चौकोनांत तिकिटे चिकटवलेली, उरलेले कोरे. “हे माझ्या वडिलांचं,” ते म्हणाले, “आधी हे पाहा. गाडीत मग बसू.”

तर त्या कार्डाची कथा अशी.

१९३३ साली हिटलरच्या हाती जर्मनीची सत्ता आली. त्या काळी अमेरिकेत शेतकऱ्याच्या दारातही मोटार असे. जर्मनीत मात्र ती श्रीमंतांची चैन होती. सामान्य कुटुंबाला परवडेल अशी लोकांची गाडी, म्हणजे ‘फोक्सवॅगन’, आपण देऊ असे हिटलरने जाहीर केले. अट कशी, तर आईबाप आणि तीन मुले मावली पाहिजेत, ताशी १०० किलोमीटर वेग पाहिजे, आणि किंमत १००० मार्कांच्या आत. २२ जून १९३४ रोजी हे काम फर्डिनांड पोर्शे या नामांकित अभियंत्याकडे रीतसर आले. धंद्यातले जाणते लोक म्हणत होते की या किमतीत गाडी होणे नाही. पोर्शेने नमुने केले, मोडले, पुन्हा केले. १९३७ मध्ये तीस नमुना-गाड्या मिळून २४ लाख किलोमीटर पळवून पाहिल्या. गाडी उत्तम ठरली, याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो श्रेयाचा. इतिहासाची पाने उलटली की एकट्या पोर्शेच्या नावामागे आणखी चेहरे दिसू लागतात. त्यांतला सर्वांत दुर्दैवी योझेफ गान्झ. हा ज्यू अभियंता एका मोटारविषयक मासिकाचा संपादक होता. हलकी, स्वस्त, मागे इंजिन असलेली गाडी करा, म्हणून तो वर्षानुवर्षे कंठशोष करीत होता. १९३१ साली त्याने तशी एक गाडी करूनही दाखवली. तिचे नाव त्याने ठेवले होते ‘मे महिन्यातला भुंगा’! त्याच्या कल्पनेवर बांधलेली दुसरी एक छोटी गाडी १९३३ च्या बर्लिन प्रदर्शनात मांडलेली होती, आणि त्या प्रदर्शनाचे उद्घाटन खुद्द हिटलरने केले होते. त्याच वर्षी मे महिन्यात गान्झला गेस्टापोने अटक केली. पुढल्या वर्षी त्याने देश सोडला. १९६७ साली तो ऑस्ट्रेलियात वारला तेव्हा जगाच्या रस्त्यांवर भुंग्यांचे थवे फिरत होते, आणि त्याचे नाव कुणाच्या गावीही नव्हते. चेकोस्लोव्हाकियातल्या टाट्रा कारखान्याचा हान्स लेडविंका हा असाच दुसरा. त्याच्या गाड्यांशी पोर्शेच्या गाडीचे इतके साम्य होते की त्यावरून दावा लागला, आणि १९६५ साली फोक्सवॅगनने दहा लाख मार्क देऊन तो मिटवला.

असो. २६ मे १९३८ रोजी फालर्सलेबेन या गावाजवळ, कालव्याच्या काठी, कारखान्याची कोनशिला बसली. गाडीचे नाव ठरले ‘केडीएफ’. ‘आनंदातून शक्ती’ अशा अर्थाच्या जर्मन शब्दांची ती आद्याक्षरे. सरकारी श्रमिक आघाडीच्या करमणूक खात्याचे ते नाव. कारखान्याला भांडवल कुठले? तर १९३३ मध्ये कामगार संघटना मोडून त्यांची जी मालमत्ता सरकारने बळकावली होती, तिच्यातून बराचसा पैसा आला. कामगाराचा खिसा कापून त्याच पैशाने त्याला मोटारीचे आमिष दाखवायचे, असा हा व्यवहार.

त्याच वर्षी १ ऑगस्टला बचतीची योजना निघाली. गाडीची किंमत ९९० मार्क. विमा आणि पोचवणी निराळी. दर आठवड्याला निदान पाच मार्कांचे एक तिकीट विकत घ्यावे आणि कार्डावर चिकटवावे. हिशेब केला तर १९८ आठवडे, म्हणजे जवळजवळ चार वर्षे. व्याज एक पैचेही नाही. आपल्याकडे भिशी लावणाऱ्या बायकाही याहून शहाणपणाने व्यवहार करतात. पण स्वप्न विकणाऱ्यापुढे व्याजाचा हिशेब कोण मांडतो? सुमारे ३,३६,००० लोकांनी ही तिकिटे घेतली. त्यांत कामगार फार थोडे. बहुतेक सारे कारकून, शिक्षक, छोटे दुकानदार. तुमच्याआमच्यासारखी पांढरपेशी मंडळी.

शेजारच्या गृहस्थांचे वडील टपालकचेरीत कारकून होते. शनिवारी पगारातले पाच मार्क बाजूला निघत. रविवारी जेवणानंतर टेबल पुसून तिकीट चिकटवण्याचा कार्यक्रम होई. आईने गाडीत अंथरायला लोकरीची चादरही विणायला घेतली होती. गाडीत कुणी खिडकीशी बसायचे यावरून मोठ्या बहिणींची भांडणे होत. आपल्याकडे म्हणतात ना, बाजारात तुरी! माझ्या नातवाने हे भांडण मोठ्या चवीने भाषांतर करून सांगितले.

हे ऐकताना मला आमचे घर आठवले. वडिलांनी स्कूटरसाठी नाव नोंदवले तेव्हा मी शाळेत होतो. अनामत रक्कम भरल्याची पावती आईने देवघरातल्या डब्यात ठेवली होती. दर दिवाळीला ती काढायची, पुसायची, परत ठेवायची. त्या काळी आपल्याकडे नंबर लागायला वर्षेच्या वर्षे जात. तेव्हा तिकिटे चिकटवणारा तो जर्मन कारकून मला परका वाटेना.

सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध पेटले, आणि लोकांची गाडी लोकांना मिळायची राहिली ती राहिलीच. कारखाना लष्कराकडे वळला. त्याच सांगाड्यावर लष्करी जीपसारख्या गाड्या होऊ लागल्या. वाळवंटात चालणाऱ्या आणि पाण्यात तरंगणाऱ्याही. युद्ध संपेपर्यंत मूळ रूपातल्या केडीएफ गाड्या झाल्या अवघ्या ६३० च्या घरात. त्या मिळाल्या अधिकाऱ्यांना आणि बड्या पुढाऱ्यांना. तिकिटे घेणाऱ्या तीन लाख छत्तीस हजारांपैकी एकालाही गाडी मिळाली नाही. एकालाही नाही! तरीही युद्धाच्या काळात लोक तिकिटे चिकटवीत होते. आमच्या शेजाऱ्याचे वडील १९४२ मध्ये आघाडीवर गेले, तेव्हा या कार्डावरची तिकिटे थांबली. ते परतले १९४७ साली, कैदेतून.

आम्ही गाडीत बसलो. दार लावताना नातवाला दोनदा आपटावे लागले. म्हातारबुवा म्हणाले, “आधी खिडकी थोडी उघड, मग लाव.” ही गाडी इतकी घट्ट बांधलेली की आतली हवा दाराला अडवते. किल्ली फिरवली आणि मागून शिवणयंत्र चालल्यासारखा टकटक आवाज सुरू झाला. साठ वर्षांनी तो आवाज कानी पडला, आणि मला डॉक्टरांच्या औषधांचा वास आला, असे म्हटले तर वाचकांनी हसू नये.

वाटेत मी मालकाला गाडीचे गुणदोष विचारले. कोणत्याही कुटुंबवत्सल माणसाप्रमाणे त्यांनी दोष आधी सांगितले. थंडीत आत ऊब येते ती इंजिनावरून वाहणाऱ्या हवेची. त्यामुळे तेलाचा वास फुकट मिळतो, ऊब मात्र पायांपाशीच दमते. सहा व्होल्टच्या विजेवर चालणारे दिवे म्हणजे रात्रीच्या काळोखात दोन काजवे. बाजूने जोराचा वारा आला की गाडी पतंगासारखी कललीच. चौतीस अश्वशक्तीचे इंजिन. चढणीवर मागच्या लोकांचे शिव्याशाप ऐकायला पुरेसा वेळ मिळतो. काकांची १९५५ ची गाडी तर याहून मासलेवाईक. तिला पेट्रोलचा काटाच नव्हता. गाडी आचके देऊ लागली की पायापाशी एक खटका असे, तो फिरवायचा, म्हणजे राखीव पेट्रोल सुरू होई. एकदा तो खटका आधीच कुणीतरी फिरवून ठेवला होता, आणि साऱ्या कुटुंबाला लग्नाला चालत जावे लागले!

आणि गुण? इथे म्हातारबुवांची जीभ सुटली. पाणीच नाही, तेव्हा हिवाळ्यात गोठायला नको आणि उन्हाळ्यात उकळायला नको. इंजिनाचे वजन मागच्या चाकांवर, त्यामुळे बर्फात आणि चिखलात इतर गाड्या रुतल्या तरी ही तुरुतुरु निघून जाते. चार नळकांडी आडवी, दोन इकडे, दोन तिकडे. मुष्टियोद्ध्यांनी समोरासमोर ठोसे द्यावेत तसे दट्टे चालतात, म्हणून हादरा कमी. चार बोल्ट काढले की इंजिन खाली उतरवता येते. “माझ्या वडिलांना यंत्रातलं काही कळत नव्हतं,” ते म्हणाले, “पण ही गाडी त्यांनी स्वतः दुरुस्त केली. माणसाला आपण हुशार आहोत असं वाटायला लावणारी गाडी आहे ही.” मोटारीची याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

तेवढ्यात कालव्यापलीकडे वीजघराचे चार उंच धुराडे आणि लालसर विटांची मैल-दीड मैल लांब भिंत दिसू लागली. म्हातारबुवांनी गाडी कडेला घेतली आणि एक वाक्य बोलले. नातू अडला. “आजोबा, यांचा एक शब्द आहे, तो मला मराठीत येत नाही. ज्यांना पकडून आणून जबरदस्तीनं कामाला लावतात, त्यांना काय म्हणायचं?”

मी म्हणालो, “वेठबिगार.”

त्याने तो शब्द दोनदा घोळवला आणि वाक्य पुरे केले : “ही भिंत आहे ना, हिच्या आत वेठबिगार होते.”

खरोखरच होते. युद्धकाळात सुमारे वीस हजार माणसांना या कारखान्यात वेठीला धरले गेले. पोलिश होते, रशियन युद्धकैदी होते, फ्रेंच, इटालियन होते. छळछावण्यांतून आणलेले ज्यूही होते. काही काळ तर कामकऱ्यांपैकी दोनतृतीयांश लोक असे होते. पोलिश आणि रशियन स्त्रियांची तान्ही मुले त्यांच्यापासून काढून एका ‘बालगृहात’ ठेवली जात. तिथे आबाळीने साडेतीनशेहून अधिक अर्भके दगावली. हे म्हातारबुवांनी मुलाला सांगितले नाही. रात्री नातू झोपल्यावर माझ्या मुलीने मला सांगितले. कंपनीने १९८६ मध्ये हान्स मॉमसेन या इतिहासकाराकडे या काळाच्या संशोधनाचे काम सोपवले. त्यांचा ग्रंथ १९९६ साली प्रसिद्ध झाला. १९९८ मध्ये हयात वेठबिगारांसाठी निधी उभारला गेला, आणि कारखान्यातल्या बाँबनिवाऱ्यात आता त्यांचे स्मृतिस्थळ आहे. पन्नास वर्षे उशिरा का होईना, पण कुणीतरी वही उघडली.

एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन फौजा इथे पोचल्या आणि मागाहून हा मुलूख इंग्रजांकडे आला. गावाला तोवर धड नावही नव्हते. ‘केडीएफ गाडीचे शहर’ एवढेच. मे महिन्यात जवळच्या जुन्या गढीवरून ‘वोल्फ्सबुर्ग’ हे नाव मिळाले. कारखान्याची छपरे बाँबहल्ल्यांनी उडालेली. ऑगस्टमध्ये आयव्हन हर्स्ट नावाचा एक तिशीही न गाठलेला इंग्रज मेजर तिथे दाखल झाला. त्याच्याकडे काम काय? तर कारखान्यावर देखरेख. यंत्रे उचलून नेण्याचीही भाषा चालली होती. हर्स्टने सापडलेली एक जुनी गाडी लष्करी हिरव्या रंगात रंगवली आणि वरिष्ठांकडे पाठवून दिली. इंग्रज फौजेला वाहनांची निकड होतीच. वीस हजार गाड्यांची मागणी आली. छपरातून कोसळून यंत्रांमध्ये अडकलेला एक न फुटलेला बाँब काढावा लागला; तो फुटला असता तर ही कथा तिथेच संपली असती.

त्या हिवाळ्यात कामगारांच्या पोटात अन्न नव्हते आणि खिडक्यांना काचा नव्हत्या. पोलादाच्या बदल्यात गाडी, अशी देवाणघेवाण करून काम चालवावे लागे. तरी मार्च १९४६ मध्ये महिन्याला हजार गाड्या बाहेर पडू लागल्या. गंमत अशी की इंग्रज मोटार कारखानदारांना हा अख्खा कारखाना जवळजवळ फुकट मिळण्यासारखा होता. त्यांनी गाडी तपासून पाहिली आणि सामान्य ग्राहकाला ही आवडणार नाही असे सांगून हात झटकले. दैव देते, कर्म नेते, दुसरे काय!

१९४८ च्या आरंभी हाइनरिश नोर्डहॉफ यांना प्रमुख नेमण्यात आले. पुढल्या वर्षी इंग्रजांनी कारखाना जर्मनांच्या हवाली केला. नोर्डहॉफ यांनी एक पथ्य पाळले : रूप बदलायचे नाही, दोष काढीत राहायचे. मागची दुभंगलेली काच १९५३ मध्ये एकसंध झाली, इंजिन सुधारले, ब्रेक सुधारले, चेहरा तोच. ५ ऑगस्ट १९५५ रोजी दहा लाखावी गाडी बाहेर पडली.

आणि तिकिटांचे काय? तिकीटवाले विसरले नव्हते. त्यांनी संघटना करून कंपनीवर दावा लावला. कंपनीचे म्हणणे, तुमचा करार श्रमिक आघाडीशी. पैसा बर्लिनच्या बँकेत होता, तो रशियनांच्या हाती गेला. आम्हाला त्यातला मार्कही मिळाला नाही. कायद्याने बोलायचे तर हे खोटे नव्हते. पण कोट्यवधी मार्कांची तिकिटे ज्यांनी घेतली त्यांना खोटे कसे म्हणणार? बारा वर्षे खल चालला. शेवटी १९६१ साली तडजोड झाली : नवी गाडी घेणाऱ्यास जास्तीत जास्त ६०० मार्क सूट, नको असेल तर रोख कमाल १०० मार्क.

“वडिलांनी सूट घेतली,” म्हातारबुवा म्हणाले. भरलेली कार्डे हिशेबाला द्यावी लागली. हे अर्धे राहिलेले आईने चादरीच्या घडीत ठेवले होते, ते उरले. १९६२ च्या वसंतात गाडी घरी आली. तोवर बहिणींची लग्ने होऊन गेली होती. खिडकीशी कुणी बसायचे हे भांडण करायला कुणी उरलेच नव्हते. वडील गाडीत बसले, चाकावर हात ठेवून बराच वेळ तसेच राहिले, आणि मग म्हणाले, “चल, आईला बोलाव.” बस्स, एवढेच.

आम्ही गावात जेवलो, संग्रहालय पाहिले. मोठ्या रस्त्याला पोर्शेचे नाव आहे, आणि मेजर हर्स्टच्या नावाचाही एक रस्ता आहे. संग्रहालयात या गाडीची जगभरची नावे ऐकून नातू खूश झाला. फ्रेंच तिला लेडीबर्ड किडा म्हणतात, ब्राझीलमध्ये ती ‘फुस्का’, मेक्सिकोत ‘वोचो’. १९४९ साली अमेरिकेत दोनच गाड्या खपल्या होत्या. १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका जाहिरात कंपनीने जवळजवळ कोऱ्या पानावर एवढीशी गाडी छापून, लहानच विचार करा, असा सल्ला त्या अवाढव्य गाड्यांच्या देशाला दिला. तिचे एक संस्थापक विल्यम बर्नबाख हे ज्यू होते. हिटलरच्या गाडीला अमेरिकेत घर मिळवून दिले ते एका ज्यू माणसाच्या कचेरीने! १९६९ मध्ये बीटल्सच्या ‘अ‍ॅबी रोड’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर रस्त्याच्या कडेला उभा आहे तोही एक पांढरा भुंगाच. १७ फेब्रुवारी १९७२ रोजी १,५०,०७,०३४ वी गाडी तयार झाली आणि फोर्डच्या ‘मॉडेल टी’चा विक्रम मोडला. वोल्फ्सबुर्गमधले उत्पादन १९७४ साली थांबले. पण मेक्सिकोतल्या प्वेब्ला इथे ते जुलै २००३ पर्यंत चालू होते. शेवटची गाडी २,१५,२९,४६४ वी. तिला फुलांनी सजवून, गाण्याबजावण्याने निरोप दिला, आणि मग ती माहेरी पाठवून देण्यात आली.

परतताना नातवाने मागच्या बाकावरून एक प्रश्न विचारला. आधी मराठीत मला, मग जर्मनमध्ये त्यांना. “मग ही गाडी चांगली की वाईट?”

मला उत्तर सुचले नाही. म्हातारबुवा थोडा वेळ गप्प राहिले. मग नातवाने त्यांचे बोलणे असे सांगितले : “आजोबा, ते म्हणतात, गाडी चांगली आहे. म्हणूनच ते कार्ड गाडीत ठेवलंय. घरात ठेवलं असतं तर गाडीत बसल्यावर विसरायला झालं असतं.”

मी पुण्याला परतलो. नाशिकच्या रस्त्याने जाताना चाकणपाशी याच कंपनीचा कारखाना लागतो. २००९ सालापासून तिथे गाड्या होतात. पूर्वी मी त्याकडे ढुंकून पाहत नसे. आता ती पाटी दिसली की मला भिंतीआडचे वेठबिगार आठवतात, गान्झ आठवतो, हर्स्ट आठवतो आणि गाडीचे चाक धरून गप्प बसलेला तो टपाल कारकूनही आठवतो. सारे एकदमच आठवतात. एकाला वगळून दुसऱ्याला आठवणे आता जमत नाही.

यंदा दिवाळीची झाडलोट करताना देवघरातला डबा काढला. तळाशी वडिलांची पावती होती. आमची स्कूटर आठ वर्षांनी का होईना, पण आली होती. तिच्यावर आई मागे बसून तुळशीबागेत जाऊनही आली होती. पावती फेकून द्यावी म्हणून सूनबाईने हात पुढे केला. मी म्हणालो, “राहू दे गं.” आणि पुसून ती परत डब्यात ठेवली.